एकच बाटली, सात वास: दवण्याच्या अत्तराचं प्रकरण

फेब्रुवारीत मावसबहिणीचं लग्न झालं आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या सासूबाईंनी आमच्या नव्या दाजींना सत्यनारायणाला बसायच्या आधी बाजूला घेऊन विचारलं, "पिऊन आलायस काय रे?" दाजींची मजल उसाच्या रसापर्यंतच. वास येत होता तो मी बनवलेल्या अत्तराचा.

तिथून हे सगळं सुरू झालं. आधी मी कोण ते सांगते. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये वाळू तपासायचं काम करते आणि शनिवार-रविवार घरी अत्तरं मिसळत बसते. विकत नाही, घरच्यांना आणि मैत्रिणींना देते. लग्नात हळदीला आलेल्या बायकांना हातात द्यायला काहीतरी पाहिजे होतं, मावशी म्हणाली स्टीलच्या वाट्या नकोत आता, सगळ्यांच्या घरात चळत लागलीय, तू तुझं ते अत्तर कर. म्हणून ६ मिलीच्या ४० रोलऑन बाटल्या भरल्या.

आणि कोल्हापुरात अत्तर करायचं म्हणल्यावर मला दवणाच सुचला. चैत्रात जोतिबाला, वाडी रत्नागिरीला, गुलाल-खोबरं आणि दवणा घेऊनच लोक डोंगर चढतात, लहानपणी आजोबा यात्रेहून आले की त्यांच्या टोपीत खोचलेला दवणा मी काढून घ्यायचे आणि पुस्तकात ठेवायचे, सुकला तरी महिनाभर वास जायचा नाही. नुसती काडी चुरगळली की हिरवट, कडसर, थोडा औषधी वास येतो. पण त्याच झाडाचं, फुलोऱ्यावर असताना कापून वाफेवर काढलेलं तेल हुंगलं की माणूस चमकतो. जरदाळू, पिकून काळं पडलेलं आलुबुखार, त्याच्या मागून चहापत्ती आणि एकदम तळाला काहीतरी आंबवलेलं, रमसारखं. त्यातला मुख्य घटक डॅवनोन, नाव सरळ दवण्यावरूनच पडलंय. लागवड आपल्यापेक्षा कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूकडं जास्त. आणि परफ्यूमवाल्यांच्यात या तेलाची एक ख्याती आहे की ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळं वागतं. मला हे माहीत होतं. माहीत असून मी ते वाचून पुढं गेले, ही पहिली चूक.

बॅच अशी होती, एकूण २५० ग्रॅम. दवणा ८ ग्रॅम, पाच ९ ग्रॅम (पाच म्हणजे तीच आपली पत्रीतली पाच, बाजारात पॅचौली म्हणून मिळतं त्या जातीचं तेल), वाळा ६, संत्र्याच्या सालीचं तेल ६, काळी मिरी ३, जायफळ २, लवंग १ आणि तळाला धरून ठेवायला ५ ग्रॅम सिंथेटिक मस्क (कस्तुरीसारख्या वासाचं, कारखान्यात बनवलेलं द्रव्य). झाले ४० ग्रॅम. बाकी २१० ग्रॅम फ्रॅक्शनेटेड खोबरेल, म्हणजे थंडीत न गोठणारं, वास नसलेलं. अत्तरांसाठी नावाजलेल्या कन्नौजला परंपरेनं चंदनाच्या तेलातच अत्तर उतरवतात आणि ते चंदनच वासाला धरून ठेवतं, पण ४० बाटल्या चंदनात करायच्या म्हणल्या तर लग्नाचा मांडव काढावा लागला असता. तीन आठवडे मुरवलं, कागदाच्या पट्टीवर हुंगलं, माझ्या मनगटावर लावलं, झकास. आधी संत्रं आणि मिरी, मग जरदाळू, मग संध्याकाळपर्यंत ओल्या मातीसारखा पाच-वाळा. भरल्या बाटल्या.

दाजींचं कळल्यावर मी हसले. पण मग दोन दिवसांत आत्तीचा फोन आला, "काय गं, बाटलीत पाणी भरलीस काय? मी रोज लावलो की, कसलाच वास येत नाही." (आत्ती गडहिंग्लजकडची, तिकडं बायका सर्रास लावलो, गेलो म्हणतात.) मग मावशी म्हणाली, छान आहे पण किचनमधी उभारल्यासारखं वाटतंय, दगडफुलाचा वास येतोय. भाचा तालमीत जातो, तो म्हणाला, "मावशी, आमच्या हौदातल्या मातीसारखा वास हाय, नाद खुळा." (हौद म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा.) त्याला ते लई आवडलं होतं, तरी ती जरदाळूची तारीफ नव्हती ना. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली राग मानू नको पण ह्याला पेंटरच्या डब्याचा वास येतोय. आणि नवरी स्वतः मात्र खूश, तिला विचारलं तर म्हणाली फळांचा, पिकलेल्या फळांचा, नवरा पण म्हणतो मस्त. म्हणजे तोच नवरा, ज्याच्या अंगावर तेच अत्तर दारू झालं होतं.

मला वाटलं बॅचमध्येच घोळ. लॅबमध्ये राहून सवय अशी लागलीय की दोन तक्रारी आल्या की आधी स्वतःचं ढवळणं तपासायचं. जड तेलं तळाला राहिली असतील, वरच्या बाटल्यांत संत्रं जास्त आणि खालच्यांत वाळा जास्त गेला असेल. सुदैवानं १५-२० मिली राखीव ठेवलं होतं. सगळ्यांच्या बाटल्या परत मागवल्या (आत्तीनं ती एसटीतून येणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात पाठवली, सोबत काजू पण), आणि प्रत्येकीतला एकेक थेंब पट्टीवर घेऊन राखीव नमुन्याशी ताडून बघितला. मैत्रिणीची सोडली तर सगळ्या बाटल्या एकसारख्या. अगदी दाजींची सुद्धा. तासानं, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, काही फरक नाही.

मैत्रिणीचं लगेच कळलं. तिची बाटली अर्ध्यावर आलेली आणि लग्नापासून गाडीच्या डिकीत. मार्चमधी दुपारी पार्किंगला उभ्या स्कूटीची डिकी उघडून हात घालून बघा. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन आणि मिरीतली तसलीच हलकी द्रव्यं हवा, ऊन आणि उष्णता मिळाली की ऑक्सिडाइज होतात आणि वास टर्पेंटाइनकडं झुकतो. म्हणजे तिचं नाक शंभर टक्के बरोबर होतं, पेंटरचा डबाच. तिला नवी बाटली दिली आणि पर्समध्ये ठेव म्हणून सांगितलं. तिची केस मिटली, पण उरलेल्यांचं काय? अत्तर एकच, आणि तरी दारू, पाणी, मसाला, हौद आणि जरदाळू.

मग एप्रिलच्या पहिल्या रविवारी मावशीच्या घरी सगळ्यांना बोलावलं. आमिष पांढऱ्या रश्श्याचं, पण अट अशी घातली की रस्सा सगळं झाल्यावर, आणि सकाळी आंघोळ नुसत्या पाण्यानं, साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, क्रीम नाही, विक्स नाही. मावशीनं विचारलं, "कुंकू चालतंय न्हवं?" चालतंय म्हणलं. नवरी, दाजी, आत्ती, मावशी, भाचा आणि मी, असे सहा हात. सातवा हात म्हणून मैत्रीण आली, नवी बाटली घेऊन. प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला स्केचपेननं नंबर, ड्रॉपरनं बरोबर एक थेंब राखीव बाटलीतला, चोळायचं नाही. चोळल्यानं अत्तराचे रेणू फुटतात असं म्हणतात ते काही खरं नाही, पण चोळल्यानं कातडी गरम होते, तेल पसरतं आणि वरवरचा हलका वास लवकर उडतो एवढं खरं. सोबत एक थेंब कागदावर, एक थेंब मावशीच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यावर.

हुंगायला तिघं: माझा भाऊ, शेजारच्या काकू आणि १३ वर्षांची भाची. डोळ्यांना ओढणी बांधून. एका वेळी एकच हात, मधे दोन मिनिटं स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात ना, त्यानं नाक काही ताजंबिजं होत नाही, मोकळी हवा तेवढीच चालते.

पाच मिनिटांनी तिघांनाही सातही हातांवर जवळपास सारखाच वास आला. काकू म्हणाल्या संत्र्याची गोळी, भाऊ म्हणाला मिरी, भाची म्हणाली सगळे सेम आहेत, बोअर. मी मुद्दाम विचारलं ह्यातला दाजींचा हात ओळखा, दारूवाला. तिघांनी तीन वेगळे हात सांगितले, त्यात एक आत्तीचा. आत्ती भडकली, मग हसली.

तासानं मात्र फरक दिसायला लागला. आत्तीच्या हातावरचं संत्रं आणि फळ जवळजवळ गेलेलं, नुसता पाचेचा पुसट वास. तिची कातडी कोरडी, नखानं ओढलं तर पांढरी रेघ उमटते अशी. कोरड्या कातडीवर तेल पटकन जिरतं, वरून हळूहळू सुटायला काही राहतच नाही. भाचा आणि दाजी, दोघांचं अंग गरम, घामट, त्यांच्याकडं फळ उघडून वर आलेलं, भाऊ लांबूनच म्हणाला जॅम. नवरी आणि मी मधेच कुठंतरी. तीन तासांनी सगळ्यांच्या हातावर मातीच राहिली, कमी-जास्त. आणि कागदावर? कागदावर अजून जरदाळू शाबूत. हे बघून माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण मी बॅच पास केली होती ती बरीचशी कागदावरच, तीही जानेवारीत. अंगाची वरची कातडी साधारण ३२ ते ३४ अंशाला असते, कागद खोलीइतकाच थंड, त्यामुळं कागद मला जे दोन दिवस दाखवत होता ते माणसाच्या हातावर दुपारपर्यंत संपत होतं. पातळाच्या तुकड्यावर पण तसंच, फळ टिकलेलं. आजोबांच्या टोपीचं कोडं पण सुटलं म्हणायला हरकत नाही.

पण ह्या सगळ्यात दारू कुठंच नव्हती. हौद नव्हता, दगडफूल नव्हतं. म्हणजे साफ कातडीवर माणसामाणसात फरक होता पण तो लवकर उडणं-उशिरा उडणं एवढाच, एकाचं जरदाळू आणि दुसऱ्याचं दारू होण्याइतका नाही. नेटवर सगळीकडं पीएचचं सांगतात, तुमच्या त्वचेचा पीएच वेगळा म्हणून वास वेगळा. कातडीचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो हे खरं, पण तेलात तेल मिसळलेल्या अत्तराला तो एवढा पालटवेल हे मला पटत नाही. कातडी किती गरम, किती तेलकट, किती कोरडी, इथंच बरंचसं गणित संपतं.

म्हणून पुढच्या रविवारी परत. ह्या वेळी उलटी अट, रोज जसं आवरता तसंच आवरून या आणि रोज जसं लावता तसंच, आपापल्या बाटलीतून, माझ्यासमोर लावा. लावायच्या आधी आणि नंतर बाटली वजनकाट्यावर, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

आत्तीनं लावलं ०.०३ ग्रॅम. दाजींनी ०.४१.

मी काट्याकडं बघत राहिले. दाजी दाढी करून, आफ्टरशेव्ह चोपडून, त्यावर लगेच मानेला दोन्ही बाजूंनी, दाढीच्या खुंटांवर, छातीवर आणि दोन्ही मनगटांवर असे रोलऑन फिरवत होते जसं काही भिंतीला रंग देतायत. म्हणलं दाजी, हे डिओ न्हवं. ते म्हणाले वास येत नाही म्हणून लावतोय. बरोबरच आहे, पाच मिनिटांत स्वतःच्या अंगाच्या वासाला नाक सरावतं आणि मग माणूस अजून लावतो, घरातला दुसरा मात्र खोकतो. डोळे बांधून भाचीनं हुंगलं आणि म्हणाली "केक, तो मनुकेवाला." भावानं हुंगलं आणि एका सेकंदात, "क्वार्टर." सासूबाई समोर असत्या तर मी त्यांना सन्मानानं शाल-नारळ दिला असता.

इथं दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. एक, आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल पुरतं उडायच्या आधीच त्यावर अत्तर बसत होतं. दुसरी जास्त महत्त्वाची, काही वास प्रमाण वाढलं की वाढत नाहीत, बदलतात. मोगऱ्यात इंडोल असतं, फुलात चिमूटभर असतं तोवर मोगरा मोगरा राहतो, तेच इंडोल घट्ट करून हुंगवलं तर डांबरगोळ्या आणि त्याहून वाईट काहीतरी. दवण्याचं तसंच. थोडा असला की जरदाळू, आठ-दहापट झाला की तळातलं आंबवलेलं वर येतं. नवरीनं किती लावलं होतं? ०.०५. एकाच घरात, एकाच ड्रेसिंग टेबलवरची बाटली.

भाच्याचं सोपं होतं. सकाळी तालमीतून आला, अंगाला मालिशचं तेल, आंघोळ झाली होती तरी कातडी चकचकीत. त्यावर अत्तर पडलं की हलकी फळं त्या तेलात मुरून जातात, दबून सुटतात, आणि वर राहतात पाच, वाळा, लवंग. त्यात हौदाची माती म्हणजे नुसती माती नव्हे, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर असं सगळं कालवलेलं असतंय, तो वास पोराच्या नाकात पहिल्यापासून बसलेला. हुंगणाऱ्यांना त्याच्या हातावर नुसतं "पावसाळा" वाटलं. हौद फक्त त्यालाच दिसला.

मावशीचं पण तसंच, पण तिच्या केसमध्ये मला जरा थांबावं लागलं. एप्रिल म्हणजे चटणीचा सिझन, तिनं आदल्या दिवशी डंकावरून चटणी कुटून आणलेली, धणे, लवंग, दालचिनी, दगडफूल भाजून. साबणानं हात तीनदा धुतले म्हणाली. मी तिचा दुसरा, अत्तर न लावलेला हात हुंगला, लवंग होतीच. मग अत्तरातली एक ग्रॅम लवंग बिचारी कशाला एकटी राहील, ती तिच्या बहिणींना जाऊन मिळाली. आणि दगडफूल? माझ्या बॅचमध्ये दगडफूल नाहीच. पण पाच आणि वाळ्याचा जो जुन्या लाकडाचा, दमट वास आहे तो दगडफुलाच्या घरातलाच. दगडफूल ही शेवाळी बुरशीसारखी, दगडा-झाडांवर वाढणारी लायकेन, कन्नौजकडं शमामा अत्तरात तेच छरीला नावानं घालतात, आणि युरोपात त्याच कामाला ओकमॉस ही दुसरी लायकेन वापरायचे. म्हणजे आमच्या मावशीनं कुठलंही पुस्तक न वाचता तांबड्या रश्श्याच्या डब्यावरून अत्तराचं खानदान बरोबर ओळखलं होतं. मी तिची तक्रार तक्रारीतून काढून टाकली.

राहिली आत्ती. तिला वास येत नव्हता हे कोरड्या कातडीनं आणि ०.०३ ग्रॅमनं अर्धं समजलं. पण तिच्याच हातावर तीन तासांनी काकूंना "गोड, धुतलेल्या कपड्यासारखं" येत होतं आणि आत्ती शपथेवर सांगत होती काही नाही. मग मी नुसत्या मस्कची पट्टी करून सगळ्यांसमोर फिरवली. सहा जणांना आला, आत्तीला कोरा कागद. तिचं नाक चोंदलेलं नव्हतं, संत्रं-लवंग तिनं डोळे मिटून ओळखली. माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात, ते शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं, आणि प्रत्येकाचा संच थोडा वेगळा असतो. मस्कच्या मोठ्या रेणूंच्या बाबतीत तर काहींना एखादा मस्क अजिबात येत नाही हे अत्तरवाल्यांना जुनं माहीत आहे. म्हणजे आत्तीचं हलकं फळ तासात उडत होतं, माती पुसट, आणि जे शेवटपर्यंत टिकत होतं नेमकं तेच तिला दिसत नव्हतं. ती पाणी म्हणाली ते तिच्या बाजूनं खरंच होतं.

आता बदललेलं काय ते. बॅचमध्ये दवणा ८ वरून ६ ग्रॅमवर आणला, कारण सगळेच काही वजनकाटा घेऊन बसत नाहीत. मस्क एकाच्या जागी दोन प्रकारचे, अडीच-अडीच ग्रॅम, एक चुकला तर दुसरा सापडेल. बाटल्या गडद काचेच्या आणि तेल लवकर ऑक्सिडाइज होऊ नये म्हणून थोडं व्हिटॅमिन ई. चिठ्ठीवर लिहिलंय: दोनच रेघा, कपड्याच्या आत सुती बाहीवर लावलं तर जास्त टिकेल, कोरडी कातडी असेल तर आधी थोडं बिनवासाचं तेल, गाडीच्या डिकीत ठेवू नका. लवंगेमुळं कुणाला खाज आली तर लावू नका हे पण. आणि नवी बॅच कागदावर पास करत नाही, किमान चार वेगळ्या हातांवर दुपारच्या उन्हात करते, त्यातला एक हात आत्तीचा असतो, ती गावाकडून येईपर्यंत बाटल्या भरत नाही.

दाजींनी आफ्टरशेव्ह बदललं नाही. अत्तर आता फक्त रुमालाला लावतात, दोन रेघा, सासूबाईंच्या समोर.